‘चार्ज’च्या मागे विथ, फॉर, ऑन की ॲट? अर्ज, सातबारा, वीजबिल, सगळीकडे अडतंय

पलूसची_लेखणी

नमस्कार मंडळी. मराठी अर्ज, जबाब आणि दाखले इंग्रजीत करून देण्याचं काम आहे. कागद विमा कंपनीकडे जातात, बँकेच्या मुख्य कार्यालयात जातात, बाहेरदेशी शिकायला निघालेल्या पोरांच्या व्हिसालाही लागतात. त्यात ‘चार्ज’ आला की हात थांबतो. शब्द ओळखीचा आहे, पण त्याच्या पुढे-मागे काय लावायचं हे दर वेळी वेगळंच निघतं. सध्या अडलेली वाक्यं जशी लिहिली तशीच देते:

१) मोटार चोरल्याबद्दल गुन्हा दाखल झाला: ‘ही वॉज चार्ज्ड फॉर स्टीलिंग अ मोटर पंप.’
२) ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडून पाचशे जास्त घेतले: ‘ही चार्ज्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज एक्स्ट्रा फ्रॉम मी.’
३) गोदामाचा चार्ज माझ्याकडे आहे: ‘आय ॲम इन द चार्ज ऑफ द गोडाऊन.’
४) सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा उतरला: ‘द बर्डन ऑफ द सोसायटी वॉज रिमूव्ह्ड.’
५) लाईन चालू होती: ‘द लाईन वॉज चार्जिंग.’
६) गवा अंगावर आला: ‘द बायसन चार्ज्ड मी.’
७) मोबाईलचं चार्जिंग संपलं होतं: ‘मोबाईल चार्जिंग वॉज फिनिश्ड.’

शब्दकोशात अर्थांची रांग लागलीय. ती पाठ करण्यापेक्षा सगळ्यांना बांधणारा एखादा धागा असेल तर सांगा.

---

विश्रामबाग_व्याकरण

ताई, धागा आहे. चार्ज म्हणजे मुळात गाडीवर माल लादणं. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी. त्यावरून ‘गाडी भरणे’ असं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत आलं. कार, कॅरी आणि कार्गो ही याच घरातली भावंडं. तेव्हा वाक्य समोर आलं की आधी एवढंच विचारायचं: कोणावर काय लादलंय? आरोप, पैसे, जबाबदारी, वीज की कर्ज? ते ठरलं की मागचं अव्यय बहुतेक वेळा आपोआप सुचतं.

पहिलं वाक्य घ्या. ट्रॉली उसाने भरली, ‘लोडेड विथ केन’. तसा माणूस चोरीच्या आरोपाने ‘भरला’, म्हणून ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. ‘चार्ज्ड फॉर’ म्हटलं की इंग्रजी कानाला पैसे ऐकू येतात, जणू चोरी ही एक सेवा आहे आणि तिचं बिल फाडलंय. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत ‘चार्ज्ड फॉर’ बऱ्याचदा दिसतं, पण बाहेरच्या कागदावर नको. ‘अक्यूज’ असेल तर ‘ऑफ’ (अक्यूज्ड ऑफ थेफ्ट), ‘चार्ज’ असेल तर ‘विथ’, आणि कलम सांगायचं असेल तर ‘अंडर’. तिन्हींची सरमिसळ करू नका.

मात्र ‘चार्ज्ड विथ’ दिसलं म्हणजे गुन्हाच आहे असंही नाही. ‘द कमिटी इज चार्ज्ड विथ इन्स्पेक्टिंग द डॅम’ याचा अर्थ धरणाच्या तपासणीची जबाबदारी समितीवर सोपवली आहे. इंग्रजीतून मराठी करताना इथे ‘समितीवर आरोप’ असं लिहिणारे भेटतात. विथच्या पुढे गुन्ह्याचं नाव असेल तर आरोप, काम असेल तर जबाबदारी.

दुसरं वाक्य. आपण ‘माझ्याकडून’ घेतले म्हणतो, म्हणून हात ‘फ्रॉम मी’कडे जातो. इंग्रजीत या क्रियापदाला दोन कर्मं लागोपाठ चालतात, आधी माणूस, मग रक्कम, आणि कशाबद्दल ते ‘फॉर’ लावून शेवटी: ‘ही चार्ज्ड मी फाइव्ह हंड्रेड रुपीज एक्स्ट्रा फॉर प्लाउइंग.’ फ्रॉम नाही, टू पण नाही. किंवा सरळ ‘ही ओव्हरचार्ज्ड मी बाय फाइव्ह हंड्रेड रुपीज’ लिहा, तिथे ‘बाय’ लागतो. ‘टू’ येतो तो खात्याला. आपण ‘सोसायटीच्या नावे टाका’ म्हणतो ना, ते ‘चार्ज इट टू द सोसायटीज अकाउंट’.

तिसऱ्यात ‘द’ने घात केलाय. ‘आय ॲम इन चार्ज ऑफ द गोडाऊन’ म्हणजे गोदाम मी सांभाळते. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हटलं की उलटं होतं, ‘द गोडाऊन इज इन द चार्ज ऑफ द स्टोअरकीपर’ म्हणजे गोदाम स्टोअरकीपरच्या ताब्यात. तुमच्या वाक्याप्रमाणे गोदामच तुम्हाला सांभाळतंय! दवाखान्याच्या कागदावर ही चूक फार विचित्र दिसते: नर्स ‘इन चार्ज ऑफ द पेशंट’ असते, पेशंट ‘इन द चार्ज ऑफ द नर्स’ असतो.

जाता जाता: ‘द नर्स अँड हर चार्जेस’ असं कुठे वाचलंत तर ते नर्सचे दर नव्हेत, तिच्या देखरेखीखालची माणसं आहेत.

सहाव्यात व्याकरणाची चूक नाही. पण ‘चार्ज्ड मी’ म्हटलं की पैसे आकारल्याचाही अर्थ निघतो, म्हणून जनावर असेल तर ‘चार्ज्ड ॲट मी’ बरं. आणि चार्ज म्हणजे फक्त चाल करून येणं. शिंग लागलं की नाही हे त्या शब्दातून कळत नाही. भरपाईच्या अर्जात जखम झाली असेल तर ‘चार्ज्ड ॲट मी अँड गोअर्ड मी इन द थाय’ असं पुढचं क्रियापद लिहायलाच हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल, आला आणि गेला. शिराळा-चांदोली भागातून असे कागद येतच असतील. प्राण्याचं नाव ‘गौर’ लिहा, ‘इंडियन बायसन’ कंसात चालेल. नुसतं ‘बायसन’ म्हटलं की अमेरिकेतला वेगळा प्राणी डोळ्यांपुढे येतो.

चार आणि पाच त्या त्या खात्यातल्या माणसांनी सांगावं.

---

इतर_हक्क

सरांचं ‘विथ’ बरोबर आहे, पण पहिल्या वाक्यात ‘चार्ज्ड’ हा शब्दच नको. मराठीत ‘गुन्हा दाखल झाला’ लिहिलंय. ती प्रकरणाची पहिली पायरी, आणि चार्ज फार पुढचा. क्रम असा:

आधी प्रथम खबर, म्हणजे एफआयआर. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवतात, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५४ होतं. याचं इंग्रजी ‘अ केस वॉज रजिस्टर्ड अगेन्स्ट हिम’. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं ‘बुक्ड’ लिहितात, ते इथे सगळ्यांना कळतं. मग तपास, आणि तपास संपला की पोलीस कोर्टात अहवाल देतात. तो आता कलम १९३ खाली, पूर्वी १७३ खाली. यालाच आपण चार्जशीट किंवा दोषारोपपत्र म्हणतो. १७३ हा आकडा दोन्ही कायद्यांत आहे आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा, त्यामुळे जुना कागद बघून नव्यात कलम उतरवू नका. त्यानंतर कोर्ट कागद बघून ठरवतं की या माणसावर या या कलमाखाली खटला चालवायचा. ते ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’, मराठीत दोषारोप निश्चित करणे. काटेकोर अर्थाने चार्ज तो इथे.

हा कीस काढण्याचं कारण व्हिसाचे फॉर्म. तिथे अटक झाली होती का, चार्ज झाला होता का, शिक्षा झाली होती का, असे प्रश्न वेगवेगळे येऊ शकतात. नुसत्या एफआयआरला ‘चार्ज्ड’ लिहिलंत तर जे घडलंच नाही ते पोराच्या नावावर चढतं. उलट दोषारोप ठेवलेला असताना ‘रजिस्टर्ड’वर भागवलंत तर लपवाछपवी होते. मूळ कागदावर कोणती पायरी आहे ते बघूनच शब्द टाका.

सुटण्याचंही तसंच. खटला चालण्याआधीच कोर्टाला आरोपात दम दिसला नाही तर आरोपी ‘डिस्चार्ज्ड’, म्हणजे आरोपातून वगळला. खटला पूर्ण चालून सुटला तर ‘ॲक्विटेड’, म्हणजे निर्दोष मुक्तता. मराठी बातम्यांत दोन्हींना ‘सुटका’ म्हणून मोकळे होतात आणि जामिनावर सुटला तरी ‘सुटका’च. तेव्हा बातमीवरून भाषांतर करू नका, आदेशाची प्रत मागा.

सरकारी नोकराच्या खात्यातल्या चौकशीचं दोषारोपपत्र वेगळं. ते महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खालचं, पोलिसांचा त्यात संबंध नाही. तिथे ‘चार्ज्ड विथ मिसकंडक्ट’ लिहा आणि आधी ‘इन अ डिपार्टमेंटल इन्क्वायरी’ जोडा, म्हणजे वाचणारा फौजदारी समजणार नाही.

आता चौथं, बोजा. ‘बर्डन’ शब्दशः खरा असला तरी कायद्यातला शब्द ‘चार्ज’च आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या आहे. कलम ५८ मधलं गहाण, म्हणजे मॉर्गेज, निराळं. गहाणात मिळकतीतला काही हक्क धनकोकडे जातो. चार्जमध्ये हक्क जात नाही, मिळकत फक्त रकमेला तारण म्हणून बांधलेली राहते. विकास सोसायटीचं पीककर्ज घेताना शेतकरी जो इकरार लिहून देतो तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे असतो, आणि त्याने जमिनीवर चार्ज निर्माण होतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘इकरार’ दिसला की ‘चार्ज’ लिहा, गहाणखत असेल तरच ‘मॉर्गेज’. बँकेचा कायदेशीर सल्लागार हाच फरक आधी बघतो.

जमिनीला अव्यय ‘ऑन’. वाक्य असं करा: ‘द सोसायटीज चार्ज ऑन द लँड हॅज बीन रिलीज्ड.’ तुमच्या ‘बर्डन ऑफ द सोसायटी’चा अर्थ सोसायटीच डोक्याला ताप झाली होती, असा होतो. (कधी कधी ते खरंही असतं, पण दाखल्यावर नको.)

आणि ‘रिलीज्ड’ लिहिण्याआधी फेरफार बघा. कर्ज फिटणं आणि बोजा उतरणं या दोन घटना आहेत. कर्ज फिटलं की सोसायटीचा दाखला मिळतो, तो जोडून तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, मग मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा. दाखला हातात आहे पण फेरफार झाला नाही, अशा वेळी खरं वाक्य ‘द लोन हॅज बीन रिपेड, द एंट्री इज यट टू बी डिलीटेड’ एवढंच.

---

अकरा_केव्ही

पाचवं आणि सातवं माझ्याकडे.

‘द लाईन वॉज चार्जिंग’ चुकलं. आपण लाईन, डीपी, फीडर ‘चार्ज केला’ म्हणतो म्हणजे पुरवठा सोडला. त्याचं इंग्रजी ‘द लाईन वॉज चार्ज्ड’, आणि भारतातल्या वीज खात्यांत ते रूढ आहे. पण विमा कंपनीच्या माणसाला ‘लाइव्ह’ किंवा ‘एनर्जाइज्ड’ जास्त नीट कळतं. ‘चार्जिंग’ म्हणजे भरत जाणं, ते बॅटरीचं काम. तारेत वीज साठवून ठेवत नाहीत, ती तिथून वाहते.

अपघाताच्या कागदात ‘चार्ज्ड’ आणि ‘लाइव्ह’ यांची अदलाबदल मात्र करू नका. लांब केबल किंवा कॅपॅसिटर पुरवठ्यापासून तोडला तरी त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो. म्हणजे तो लाइव्ह नाही, पण चार्ज्ड आहे, आणि हात लावला तर झटका बसणार. म्हणूनच लाईन परमिट (लाईनवर काम करायची परवानगी) घेतल्यावर नुसता स्विच पाडून भागत नाही. वीज नाही याची टेस्टरने खात्री करायची, मग रॉडने अर्थिंग करून, म्हणजे तार जमिनीला जोडून, भार उतरवायचा, मगच हात. विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतल्या कॅपॅसिटरलाही हे लागू. ‘मेन स्विच बंद होता तरी शॉक बसला’ असा जबाब आला तर ‘द लाईन वॉज लाइव्ह’ लिहिणं चूक ठरू शकतं. जबाब देणाऱ्याला विचारा, हात तारेला लागला की कॅपॅसिटरला? कॅपॅसिटर असेल तर ‘द कॅपॅसिटर वॉज स्टिल चार्ज्ड आफ्टर द सप्लाय वॉज स्विच्ड ऑफ.’

सातवं. मराठीत आपण भरण्याच्या क्रियेलाही चार्जिंग म्हणतो आणि भरलेल्या विजेलाही. इंग्रजीत चार्जिंग फक्त क्रिया. म्हणून ‘चार्जिंग इज फिनिश्ड’ म्हटलं की ऐकणारा समजतो, फोन पूर्ण भरला, आता काढा. अर्थ नेमका उलटा! ‘द बॅटरी वॉज डेड’ किंवा ‘द फोन हॅड रन आउट ऑफ चार्ज’ लिहा. ‘चार्जिंगला लावला’ म्हणजे ‘पुट ऑन चार्ज’.

एककही एकदा समजून घ्या. भाराचं एकक कूलोम. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला तर एक कूलोम, म्हणून एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम. फोनवर ५००० मिलिअँपिअर-तास छापलंय ते १८,००० कूलोम झाले. तो भाराचा आकडा आहे. त्याला ‘पॉवर’ लिहायचं नाही, पॉवर वॉटमध्ये असते.

वीजबिलाबद्दल विचारलं नाहीत, पण ते येणारच. स्थिर आकार ‘फिक्स्ड चार्ज’, वीज आकार ‘एनर्जी चार्ज’, वहन आकार ‘व्हीलिंग चार्ज’, इंधन समायोजन आकार ‘फ्युएल ॲडजस्टमेंट चार्ज’. पण त्याच बिलातलं ‘वीज शुल्क’ हे ‘इलेक्ट्रिसिटी ड्यूटी’. ते चार्ज नव्हे, शासनाचा कर आहे, महावितरण फक्त गोळा करतं. सगळ्या ओळींना चार्ज-चार्ज करत गेलात तर ही ओळ चुकते. ‘वहन आकारा’ला ‘ट्रान्सपोर्ट चार्ज’ केलेलंही पाहण्यात आहे, विजेचे खांब टेम्पोतून आणल्यासारखं.

---

पलूसची_लेखणी

सगळ्यांचे आभार. पहिल्या वाक्याचा मूळ कागद पाहिला, एफआयआरच आहे, दोषारोपपत्र नाही. बदलते.

अजून तीन अडचणी. एक, झेडपी शाळेच्या कागदात ‘प्रभारी मुख्याध्यापकांनी चार्ज दिला-घेतला’ आहे. दोन, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पट्टीवर हमाली, तोलाई, अडत अशा वजावटी आहेत, सगळ्यांना चार्जेस लिहू का? तीन, पुराच्या नुकसानीच्या दाव्यात ‘कोयनेतून विसर्ग’ आहे आणि त्याच माणसाच्या दवाखान्याच्या कागदावर ‘डिस्चार्ज’. हे दोन्ही एकच का?

---

वाईचा_घाट

चार्ज देण्या-घेण्याचं आधी. ‘हँडेड ओव्हर चार्ज टू’ आणि ‘टूक ओव्हर चार्ज फ्रॉम’ हे सरकारी इंग्रजी आहे, सेवेच्या कागदात ते तसंच ठेवा. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ला ‘हेडमास्टर इन चार्ज’. ‘इन्चार्ज’ हे एका शब्दाचं नाम (‘वॉर्डचे इन्चार्ज’) इथलंच आहे, बाहेरच्या वाचकाला ‘ऑफिसर इन चार्ज’ लागतं आणि त्याचं अनेकवचन ‘ऑफिसर्स इन चार्ज’. ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणजे ‘ॲडिशनल चार्ज’. मूळ पद सांभाळून दुसरं सांभाळणं असा त्याचा अर्थ, ‘एक्स्ट्रा चार्ज’ केलंत तर पैसे होतात.

आता धाग्याबद्दल. विश्रामबागच्या सरांनी गाडी आणि माल सांगितला, त्याला मराठी पुरावा जोडतो. आपल्याकडे या शब्दाला जे प्रतिशब्द घडले त्यांची ओळ लावून बघा: विद्युतभार, पदभार, कार्यभार, प्रभारी; सरचार्ज म्हणजे अधिभार; भूजलाचं रिचार्ज म्हणजे पुनर्भरण. सगळ्यांत ‘भृ’ हा एकच धातू, भार आणि भरणे दोन्ही त्यातलेच. बोजा तर उघड ओझंच. आणि आरोप? ‘आरोपण’ म्हणजे वर ठेवणं, लावणं. वृक्षारोपणात झाड लावतात, दोषारोपात दोष लावतात. इंग्रजीने लादण्यावरून जो प्रवास केला तो आपल्या प्रतिशब्दांत जवळपास तसाच दिसतो. त्यामुळे अडलात तर मराठीत ‘भार, भरणे, लावणे’ यांपैकी काय बसतं ते बघा. सुरुंग भरला, बंदूक भरली, फ्रिजमध्ये गॅस भरला: तिन्ही ठिकाणी इंग्रजीत चार्ज. ओतशाळेत तर मूळ अर्थ जिवंत आहे. किर्लोस्करवाडीपासून कुपवाडच्या एमआयडीसीपर्यंत भट्टीत एका वेळी जो माल टाकतात तो ‘चार्ज’. क्युपोला भट्टी असेल तर कोक, बीड (कच्चं लोखंड), भंगार आणि चुनखडी थराथराने. तिथल्या कागदात ‘चार्ज’ला दर किंवा वीज समजू नका, तो किलोत मोजायचा माल आहे.

सरांशी एका ठिकाणी मतभेद. गव्याचा ‘चार्ज’ या चावीने उघडत नाही. ओढूनताणून ‘अंगाचा भार घेऊन आला’ म्हणता येईल, पण तो मानभावीपणा. लाठीचार्जही त्याच गटातला, बाहेरच्या वाचकाला ‘बेटन चार्ज’ पटकन कळतं. एवढी दोन उदाहरणं वेगळी पाठ करावीत.

आणखी एक भानगड. विज्ञानाच्या शालेय पुस्तकांत ‘चार्ज’ला ‘प्रभार’ आहे, धनप्रभार, ऋणप्रभार. आमच्या वाईतून निघालेल्या विश्वकोशात ‘विद्युत् भार’. कार्यालयात मात्र ‘प्रभार’ म्हणजे पदाचा चार्ज. मुलांच्या प्रकल्पाचं भाषांतर आणि मुख्याध्यापकांचा अहवाल एकाच दिवशी टेबलावर आले तर सांभाळा.

उच्चार: ‘चार’मधला च, ‘चाक’मधला नव्हे. ‘चार्ज्ड’ एकाच झटक्यात, ‘चार्जेड’ नाही. ‘चार्जेस’च्या शेवटी स नसून झ.

---

विश्रामबाग_व्याकरण

गव्याबाबत हार मान्य. ‘ॲट’ मात्र ठेवा.

पट्टीबद्दल: हमाली ‘लोडिंग अँड अनलोडिंग चार्जेस’, तोलाई ‘वेइंग चार्जेस’, कारण दोन्ही अंगमेहनतीच्या कामाचे दर. अडत मात्र ‘कमिशन’, ती विक्रीच्या रकमेवर टक्केवारीने ठरते. बाजार फी ‘मार्केट फी’. कारखान्याच्या ऊसबिलातली तोडणी-वाहतूक ‘हार्व्हेस्टिंग अँड ट्रान्सपोर्ट चार्जेस’. एसटीचं भाडं ‘फेअर’, खोलीचं ‘रेंट’, वकील-डॉक्टरांची ‘फी’, दंड ‘फाइन’. या चौघांना चार्ज म्हणण्याची सवय आपल्याला फार. ‘फ्री ऑफ चार्ज’मध्ये एकवचनच, ‘चार्जेस’ नाही.

---

आयर्विन_४५

विसर्ग आणि दवाखान्याचा डिस्चार्ज एकाच शब्दाचे, दोन्हीत ‘उतरवणं, सोडणं’ आहे. पण लिहिण्याची रीत निराळी.

पाण्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. साठा टीएमसीत मोजतात, म्हणजे अब्ज घनफूट. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. आणि पातळी फुटांत: सांगलीला आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फुटांना, धोका ४५ फुटांना. दाव्यात ‘द डिस्चार्ज वॉज फॉर्टी-फाइव्ह फीट’ असं आलं तर तपासणारा तिथेच पेन ठेवेल. फूट असेल तर ‘वॉटर लेव्हल’.

साठा आणि विसर्ग जोडायचे असतील तर हिशेब सोपा आहे. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास सोडले की एक टीएमसी होतं. कागदावरचे दोन आकडे एकमेकांना जुळतात का, हे यावरून लगेच दिसतं.

धरणाच्या दरवाजांतून सोडलं ते ‘रिलीज’ म्हटलं तर जास्त स्पष्ट. ‘डिस्चार्ज’ नदीत कुठल्याही ठिकाणी मोजतात, पुलाखालीही. शेत धरण आणि पूल यांच्या मधे असेल तर कोयनेचा आकडा पुरेसा नाही, मधल्या ओढ्यांचं आणि उपनद्यांचं पाणीही येतं. म्हणून ‘रिलीज फ्रॉम कोयना डॅम’ आणि ‘डिस्चार्ज ॲट’ पुढे ठिकाण, असे दोन वेगळे आकडे द्या.

दवाखान्याचं: ‘ही टूक डिस्चार्ज’ नको, ‘ही वॉज डिस्चार्ज्ड फ्रॉम द हॉस्पिटल ऑन’ पुढे तारीख. डॉक्टर नको म्हणत असताना घरी नेलं असेल तर कार्डावर ‘डामा’ किंवा ‘लामा’ अशी खूण असते, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध. ते ‘डिस्चार्ज्ड’ इतकंच करून गिळू नका, विमा दाव्यात त्यावर प्रश्न येतो. आणि केसपेपरवर ‘डिस्चार्ज फ्रॉम लेफ्ट इअर’ दिसलं तर तो कानातला स्राव. पेशंट घरी गेला असं करू नका.

---

पलूसची_लेखणी

पुराच्या दाव्याचं वाक्य असं केलंय, आकडा नमुन्याचा आहे: ‘द रिलीज फ्रॉम कोयना डॅम वॉज रेज्ड टू ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड क्युसेक्स पर सेकंड, अँड द वॉटर लेव्हल ॲट आयर्विन ब्रिज क्रॉस्ड फॉर्टी फीट.’

---

आयर्विन_४५

‘पर सेकंड’ काढा, क्युसेकच्या पोटात तो आहेच. आणि ‘रेज्ड’च्या पुढे तारीख-वेळ टाका, पातळीच्या पुढेही टाका. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो, दोन्हींना एकच तारीख पडली तर दावा परत येईल.